बिलोलीतील पदवी आणि पन्नासची लेन्स

नांदेडहून देगलूरच्या रस्त्याने निघाले की नायगाव मागे पडते आणि नरसीच्या चौकात डावीकडे बिलोलीचा रस्ता फुटतो. हाच रस्ता पुढे येसगीजवळ मांजरा ओलांडून तेलंगणातील बोधनला जातो. त्यामुळे बिलोलीच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषा एकाच वजनकाट्यावर तोलल्या जातात. आमच्या वडिलांच्या किराणा-भुसार दुकानात मीही त्या तिन्ही भाषांत हिशेब ऐकतच मोठा झालो. पुढे बँकेच्या नोकरीने गावोगाव फिरवले, निवृत्तीनंतर लातूरला स्थिरावलो. पण ‘गाव कोणते?’ असे कोणी विचारले की तोंडातून बिलोलीच निघते.

गेल्या वर्षी माघ महिन्यात या रस्त्याने गेलो तेव्हा मांडीवर एक लहानशी पिशवी होती. तिच्यात भाड्याने आणलेली एक लेन्स होती. धाकट्या भावाच्या मुलीला एम.कॉम.ची पदवी मिळणार होती आणि तिचा फोटो काढण्याचे काम माझ्याकडे होते. काम मी मागून घेतले होते. त्याचे कारण आधी सांगायला हवे.

२०१८ साली मी निवृत्त झालो तेव्हा मुलाने कॅमेरा भेट दिला. सोबत दोन लेन्स होत्या, एक १८ ते ५५ मिलिमीटरची आणि एक ५५ ते २५० ची. पुढल्याच वर्षी पुतणी बारावीला वाणिज्य शाखेत महाविद्यालयात पहिली आली. गुणगौरवाच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी पालकांनाही व्यासपीठावर बोलावले. माझा भाऊ दुकानातून थेट आलेला, बाहीला पिठाचा हात लागलेला. तो लेकीच्या शेजारी उभा राहिला आणि मी सात-आठ वेळा बटण दाबले. घरी येऊन पाहतो तो सगळे फोटो हललेले. दोघांचे चेहरे पाण्याखाली असावेत तसे. ‘पुन्हा केव्हातरी नीट काढू’, असे मी म्हणालो. २०२१ च्या उन्हाळ्यात भाऊ गेला. त्या दोघांचा व्यासपीठावरचा तेवढाच फोटो घरात आहे आणि तो हललेला आहे.

भाऊ गेल्यावर मुलीने दुकानाचा गल्ला सांभाळत बी.कॉम. केले, मग एम.कॉम. सकाळी वर्ग, दुपारी दुकान, रात्री जीएसटीचा भरणा. आमच्या घरात पदव्युत्तर शिक्षण घेणारा मी पहिला आणि ती दुसरी. मुलींत अर्थातच पहिली. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या भावजयीने, फोनवर एवढेच विचारले, “भाऊजी, फोटोग्राफर सांगायचा का?” त्या प्रश्नात टोमणा नव्हता, पण मला तो लागला. मी म्हणालो, “फोटो मीच काढीन.”

माझ्या स्वतःच्या पदवीचा फोटो नाही. मी नांदेडला शिकलो तेव्हा आमचा सारा भाग औरंगाबादच्या, १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाखाली होता. बिलोलीहून औरंगाबादला पदवीदानासाठी जायचे म्हणजे जाऊन-येऊन तीन दिवस आणि दुकानात एक माणूस कमी. वडिलांनी हिशेब केला आणि पदवी टपालाने मागवली. १९८१ मध्ये पोस्टमनने ती गुंडाळी आणून दिली तेव्हा आईने ती देवघरासमोर ठेवली आणि विचारले, “कामून रे, ह्याच्यात तुझा फोटो नाही?” १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि आताचा हिंगोली या जिल्ह्यांतल्या मुलांची औरंगाबादची वारी संपली. तेव्हा पुतणीचा सोहळा विष्णुपुरीच्या भव्य मंडपात होणार, असे मी मनाशी धरून चाललो आणि तयारीला लागलो.

तयारी म्हणजे आधी जुन्या चुकीचे लेखापरीक्षण. संगणकावर हललेल्या फोटोची माहिती उघडली. लेन्स ५५ वर, छिद्र एफ ५.६, वेळ १/१५ सेकंद. नांदेडला एका स्टुडिओवाल्या स्नेह्यांना ती दाखवली. तीस-पस्तीस वर्षे लग्नाचे फोटो काढणारा माणूस. त्याने क्षणात निदान केले. “साहेब, कॅमेऱ्याचा दोष नाही. अंधारात लहान खिडकीतून बघत होता तुम्ही. कॅमेऱ्याने उजेड गोळा करायला वेळ घेतला, तेवढ्यात माणसं हलली.”

ही खिडकीची गोष्ट वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही समजते, म्हणून येथे मांडतो. लेन्सवरचा एफ आकडा हा भागाकार आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ १.८ असेल तर ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर व्यासाची खिडकी. तीच लेन्स ५.६ वर ठेवली तर खिडकी उरते ९ मिलिमीटरची. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे पहिल्या खिडकीतून दुसरीच्या जवळजवळ दहापट उजेड येतो. म्हणजे जेथे मला १/१५ सेकंद लागला, तेथे १/१५० पुरला असता. हात पुढे करून प्रमाणपत्र घेणारा माणूस १/१५० सेकंदात फारसा हलत नाही. १/१५ मध्ये हलतो. एवढाच काय तो दोष. सहा वर्षे मी हातांच्या थरथरीला दोष देत होतो.

कंपनरोधक लेन्सबद्दलही माझा गैरसमज होता. ती सोय आपला हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवू शकत नाही. आणि कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश? अंतर दुप्पट झाले की त्याचा उजेड चौथाई होतो. तीन मीटरवर जो चेहरा उजळेल, तोच सहा मीटरवर मलूल दिसेल. शिवाय मागच्या बॅनरवर सावली आणि पाहुण्यांच्या चष्म्यात चमक. फ्लॅश घरीच बंद करून टाकला.

विष्णुपुरीच्या मंडपासाठी स्नेह्यांनी लांबची लेन्स सुचवली. प्रेक्षकांतून व्यासपीठ २५ मीटरवर असेल असे धरू, ते म्हणाले. माझ्या कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी पट्टी २२.३ मिलिमीटर रुंद आहे. तिला अंतराने गुणून लेन्सच्या मिलिमीटरने भागले की चौकटीत किती रुंदी मावेल ते निघते. २५० वर सव्वादोन मीटर, म्हणजे देणारा आणि घेणारी दोघेच. ५० वर अकरा मीटर, म्हणजे अख्खे व्यासपीठ आणि त्यात शेंगदाण्याएवढी आमची मुलगी. पण माझी ५५-२५० लांब टोकाला ५.६ च्याच खिडकीची. २.८ ची मोठी झूम घ्यावी तर किंमत लाखाच्या वर. मी बँकेत माणूस, लगेच प्रत्येक फोटोचा घसारा काढला. वर्षातून दोनदा वापरायच्या वस्तूत लाख रुपये अडकवणे आमच्या घराण्याच्या कोणत्याच वहीत बसणारे नव्हते. भाड्याने घ्यायचे ठरले.

आणि मग पुतणीचा फोन आला. “मोठे काका, विष्णुपुरीला नाही हो. तिथं मंचावर सुवर्णपदकवाले आणि पीएच.डी.वाले. आमची पदवी इथं कॉलेजातच देणार.”

दहा दिवसांचा माझा अभ्यास एका वाक्यात निकामी झाला. पण खरे सांगायचे तर मला बरेच वाटले. पदवी आता टपालाने किंवा तीन दिवसांच्या प्रवासाने नव्हे, बिलोलीतच मिळणार होती.

लहान सभागृहाला लांबची लेन्स काय कामाची? स्नेह्यांनी मोठी झूम कपाटात ठेवली आणि ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची, मुठीत मावेल एवढी लेन्स हातावर ठेवली. नवी घेतली तरी दहा हजारांच्या आसपास मिळणारी ही वस्तू. तिला झूम नाही. जवळ-लांब करायचे तर आपल्या पायांनी पुढे-मागे व्हायचे. जुन्या फिल्मच्या ३६ मिलिमीटर रुंद चौकटीपेक्षा माझ्या कॅमेऱ्याची पट्टी लहान असल्याने ही ५० ची लेन्स त्यावर जुन्या ८० सारखी बघते, म्हणजे चेहऱ्यासाठी उत्तम. मी दोन दिवसांचे भाडे विचारले. ते म्हणाले, “आणून द्या, मग बघू.” मी पावती मागितली. सवय जात नाही.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बिलोलीत पोहोचलो. आईची तब्येत पाहून आधी महाविद्यालयात गेलो. शिपायाने सभागृह उघडून दिले. छताला नळीचे दिवे, दोन खिडक्या पश्चिमेला, व्यासपीठ कमरेएवढे उंच. मी पावलांनी मोजले. व्यासपीठासमोरच्या मोकळ्या जागेच्या उजव्या कोपऱ्यापासून पाहुण्यांच्या खुर्चीपर्यंत सुमारे सहा मीटर. पुन्हा तेच गणित: सहा मीटरवर ५० ची लेन्स दोन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंदी पकडते. दोन माणसे, मधले प्रमाणपत्र आणि थोडा श्वास.

कोपरा उजवाच का? विद्यार्थी डावीकडच्या पायऱ्यांनी वर येतील असे शिपायाने सांगितले. पाहुणे सभेकडे तोंड करून उभे असतात, घेणारा त्यांच्याकडे वळतो. डावीकडे उभे राहिले तर आपल्याच मुलीची पाठ आणि पाहुण्यांचा हसरा चेहरा मिळतो. कित्येक घरांतल्या भिंतींवर असे फोटो मी पाहिले आहेत. पाहुणे कोण ते सगळ्यांना ओळखू येते, मुलगी कोणाची ते विचारावे लागते.

दोन-चार फोटो शिपायाचेच काढून पाहिले. काहींवर आडवे काळसर पट्टे आले. हे दिव्यांचे कारस्थान. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. वेळ १/१०० वर ठेवल्यावर पट्टे गेले. खिडकी १.८ वर पूर्ण उघडावी असा मोह होता, पण मग सहा मीटरवर जेमतेम मीटरभर खोलीतलेच स्पष्ट दिसते. २.८ वर ही खोली दीड मीटर होते. पाहुणे अर्धे पाऊल मागे सरकले तरी चालेल, म्हणून २.८ ठरवले, आयएसओ १६०० ला थोडा रवाळपणा येतो तो येऊ दिला. रवाळ फोटो चालतो. हललेला चालत नाही, हे आमच्या घरात कोणाला सांगायला नको.

परतताना गावातल्या जुन्या मशिदीवरून गेलो. सरफराज खानाच्या नावाने ओळखली जाणारी ही घडीव दगडाची मशीद आमच्या लहानपणी गावातली सर्वांत देखणी वास्तू होती, आजही आहे. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दगडावरचे कोरीवकाम उठून दिसत होते. तेथे १८ ची रुंद लेन्स लावून चार फोटो घेतले. निजामाच्या मुलखात छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) हे मूळचे मेरठजवळच्या सरधन्याच्या जैन कुटुंबातले. रुरकीला अभियांत्रिकी शिकून इंदूरला सरकारी नोकरी करता करता त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे हैदराबादला येऊन नाव कमावले. त्यांच्या काळी काचेची जड तावदाने आणि तिकाटणे वाहायला माणसे लागत. आपली तक्रार काय, तर पिशवीत दोन लेन्स जड होतात.

घरी आलो तोवर जेवणे उरकायची घाई होती. सूर्यास्त जवळ आला होता. आई खाटेवर टेकून बसली होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांची. मागच्या पावसाळ्यात खुब्याचे हाड मोडल्यापासून ती उंबरा ओलांडत नाही, आणि सभागृह वरच्या मजल्यावर. तिला खुर्चीसकट उचलून नेऊ असे पुतणी म्हणत होती, पण आईने साफ नकार दिला. “चार माणसांनी उचलून न्यायची वेळ यायचीय अजून,” असे म्हणून स्वतःच हसली. तिचे शिक्षण निजामाच्या राज्यात दुसरीपर्यंत. मग शाळा सुटली ती सुटलीच.

जेवताना बोधनचा विषय निघाला. आमच्या नदीपलीकडचे हे बोधन म्हणजेच भगवान बाहुबलींचे पोदनपूर, असे अनेक अभ्यासक मानतात. चामुंडरायाच्या मातेला, काललदेवीला, पोदनपूरच्या बाहुबली मूर्तीच्या दर्शनाची ओढ लागली. तेथे पोहोचणे होईना, म्हणून पुत्राने श्रवणबेळगोळच्या डोंगरावर मूर्ती घडवली, ही कथा वाचकांना ठाऊकच आहे. त्या मूर्तीची प्रतिष्ठा ९८१ सालची मानतात. आईने ही कथा प्रवचनात कितीदा ऐकली असेल. ती पुतणीला म्हणाली, “त्या माउलीसाठी लेकानं डोंगर कोरला. माझ्या लेकाला म्हणावं, एक फोटो तरी धड काढ.”

रात्री मला झोप नीट लागली नाही. बॅटरी दोनदा तपासली.

सोहळा अकराला सुरू व्हायचा तो बाराला झाला. काळे गाऊन घातलेली मुले-मुली रांगेत, खांद्यावर केशरी पट्ट्या. कोणाच्या चपला गाऊनखाली धुळीच्या, कोणाच्या नव्याकोऱ्या. पालक म्हणून आलेली माणसे पाहत होतो: पागोटे बांधलेला एक वृद्ध शेतकरी, तेलुगूत कुजबुजणाऱ्या दोन बायका, बुरख्यातली एक आई मोबाइल उंच धरून. बहुतेकांच्या घरात ही पहिलीच पदवी असावी. माझ्या शेजारच्याने हातातला मोबाइल दाखवून विचारले, “ह्याच्यात येईल का नीट?” मी त्याला उजव्या कोपऱ्यात माझ्याजवळ उभे केले आणि झूम करू नका, पुढे व्हा, एवढेच सांगितले. मोबाइलवर बोटांनी केलेला झूम बहुतेक वेळा फोटो कापून मोठा करतो.

गाऊन काळा असल्याने कॅमेरा फसतो, हेही तेथेच कळले. चौकटीत काळे फार दिसले की तो सगळे उजळ करू पाहतो आणि चेहरे पांढरेफटक येतात. आधीच्या दोन विद्यार्थ्यांवर ते पाहिले आणि वेळ, छिद्र, आयएसओ तिन्ही आकडे हाताने बांधून टाकले.

नाव पुकारले. पुतणी पायऱ्या चढली. नेमका त्याच वेळी व्हिडिओवाला माझ्यासमोर आला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला; काय बोललो ते आठवत नाही, पण तो बाजूला झाला. चार वेळा बटण दाबले. पहिल्यात व्हिडिओवाल्याचे कोपर. दुसऱ्यात तिचे डोळे मिटलेले. चौथ्यात ती निघाली होती. तिसऱ्यात ती प्रमाणपत्र धरून पाहुण्यांकडे नव्हे, सभेकडे, तिच्या आईच्या दिशेने बघते आहे. पापणीचा केस न् केस दिसतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, “आला का?” मला ‘हो’ म्हणायला जरा वेळ लागला. त्यांच्या मुलाचा फोटोही छान आला होता, हे नमूद करायला हवे.

घरी ओसरीत आईला दाराजवळच्या खुर्चीवर बसवले. दुपारचा दिवा नसलेला, सरळ ऊन नसलेला मऊ उजेड दारातून येत होता; फोटोसाठी यापेक्षा चांगला उजेड पैसे देऊन मिळत नाही. पुतणी गाऊनसकट तिच्या पायाशी बसणार होती. आईने तिला शेजारी स्टुलावर बसायला लावले आणि टोपी स्वतःच्या हाताने सरळ केली. दोन मीटरवरून १.८ ची खिडकी उघडली तर जेमतेम अकरा सेंटिमीटरच स्पष्ट येते. आईच्या चेहऱ्यावर ठेवले की नात पुसट, नातीवर ठेवले की आई. म्हणून ५.६ केले. तेच ५.६, ज्याने मागच्या वेळी घात केला होता. उजेड पुरेसा होता, दोघी स्पष्ट आल्या. आईचे पांढरे पातळ, नातीचा काळा गाऊन आणि दोघींच्या मधे गुंडाळलेले प्रमाणपत्र.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिसरा फोटो मोठा करून मी आईपुढे धरला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिला जवळचे बरे दिसते. तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “हिच्या हनुवटीला तो आहे.” तो म्हणजे माझा भाऊ. हनुवटी खरेच त्याची. मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती.

नांदेडला परतताना स्नेह्यांच्या स्टुडिओत थांबलो, लेन्स दिली, दोन्ही फोटोंच्या बारा बाय आठ इंची प्रती काढायला सांगितल्या. त्यांनी दोन दिवसांचे भाडे घेतले आणि पावती न मागता दिली. प्रती बिलोलीला पोहोचल्यावर भावजयीचा फोन आला. दुकानातल्या भिंतीवर जागा करायची होती आणि हललेला जुना फोटो काढावा की ठेवावा यावर मायलेकींचे एकमत होईना. आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, तो मधोमध राहू द्या, नवे दोन त्याच्या दोन्ही बाजूंना लावा. तसे लावले आहेत. गल्ल्यावर बसले की समोरच दिसतात.